मोटार कंपन्यांना खुलं पत्र: पार्ट द्या, नाहीतर ड्रॉइंग तरी द्या

सगळ्या मोटार कंपन्यांचे मालक, डिझायनर, हिशेब बघणारे, आणि खास करून ज्यांच्या एका सहीने एखादा स्पेअर पार्ट कायमचा 'बंद' होतो ते पार्ट खात्याचे साहेब लोक,

नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आम्ही किती वेळ बसून काढलाय ते बघता तुम्हाला एवढं वाचायला हरकत नसावी.

गाड्यांची आवड असलेली चार माणसं कुठेही जमली की थोड्या वेळाने एक विषय हमखास निघतो, 'ती गाडी विकायला नको होती'. आणि मग एकेक जण सुरू होतो. तुम्हाला वाटेल लोक फेरारी-बिरारीबद्दल हळहळत असतील, तर तसं फारसं नसतं. कोणाची व्होल्वो २४० स्टेशन वॅगन असते, कोणाची साब ९०० असते जिची किल्ली स्टिअरिंगपाशी नाही तर दोन सीटच्या मधे गिअरजवळ लागायची, कोणाची पहिली माझदा मियाटा, कोणाची डबड्यासारखी चौकोनी बीएमडब्ल्यू ई-३०, कोणाचा टोयोटाचा पिकअप, आणि कोणाची तर नुसती साधी होंडा सिव्हिक हॅचबॅक, जिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं पण माणूस वीस वर्षांनीही तिचा नंबर पाठ म्हणून दाखवतो. डावं दार जरा उचलून ओढलं की कसं उघडायचं तेही सांगतो. विकली तेव्हा किती आले ते मात्र त्याला आठवत नाही, किंवा आठवत असलं तरी सांगत नाही!

आता तुम्ही म्हणाल की विकली तुम्ही, रुखरुख तुम्हाला, यात आमचा काय संबंध. तर संबंध आहे, आणि तोच सांगायला हे पत्र.

लोक गाड्या का विकतात याची कारणं ऐकली तर त्यातली निम्मी तर तुमच्या हातातली नाहीतच हे मान्य. बाळ झालं, दोन दारांच्या गाडीत मागे चाइल्ड सीट लावताना कंबर मोडायची, विकली. नोकरी बदलली, दुसऱ्या देशात गेलो, विकली. पार्किंग एकच आणि गाड्या दोन, जुनी गेली. पैशांची नड होती. याला कोण काय करणार. पण उरलेल्यांचं नीट ऐका, त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं येतं, 'अरे गाडी चांगली होती रे, पण तो पार्ट मिळेना'. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, आणि गाडी उभी कशामुळे तर ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा डबा, नाहीतर एअरबॅगच्या मागची फिरती केबल, नाहीतर दरवाजाचं रबर बीडिंग जे तुम्ही आता बनवत नाही. मिळाला तर कुठल्या तरी मोडलेल्या गाडीतून काढलेला, आणि तो अजून किती दिवस चालेल याची काही खात्री नाही. किंवा मग किंमत अशी की नाकापेक्षा मोती जड. मग माणूस वैतागून म्हणतो जाऊ दे, आणि जाऊ देतो.

माझंही हेच झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकीला बोल लावून बाकीच्यांना सुटका कशाला. हीटरच्या कंट्रोलमधलं एक प्लास्टिकचं गिअरचक्र, अंगठ्याच्या नखाएवढं, ते तुटलं. सुटं मिळत नाही, पूर्ण युनिट घ्या म्हणाले, आणि पूर्ण युनिट मागितलं तर ते बंद झालंय म्हणाले. हे काउंटरवरच्या मुलाने इतक्या गोड आवाजात सांगितलं की भांडायचीही सोय नाही. समोरची काच धुक्याने भरते आणि पुसायला वाराच येत नाही अशी गाडी थंडीत चालवणार कशी, म्हणून गेली. घेणाऱ्याने ती बहुतेक सुट्या भागांसाठीच घेतली असणार, म्हणजे माझ्या गाडीने अजून चार जणांच्या गाड्या जगवल्या असतील, एवढंच काय ते समाधान.

आणि यात वेळेचं गणित फार वाईट असतं बघा. नवीन गाडीची किंमत पडत पडत जाते, दहा-वीस वर्षांच्या टप्प्यात ती अगदी तळाला असते, कोणी विचारत नाही, क्लासिक म्हणायला अजून लहान आणि वापरायला म्हातारी. नेमके याच टप्प्यात तुम्ही पार्ट बंद करायला लागता. म्हणजे ज्या वेळी गाडीला सगळ्यात जास्त मदत लागते त्याच वेळी तुम्ही हात काढून घेता, आणि त्याच वेळी तिची किंमत एवढी कमी असते की दुरुस्तीवर खर्च करणारा माणूस घरात वेडा ठरतो. त्या खड्ड्यातून ज्या थोड्या गाड्या पलीकडे निघतात त्यांनाच मग सोन्याचा भाव येतो, आणि ज्यांनी विकली ते तोंडात बोट घालून बघत बसतात. मर्सिडीजची डब्ल्यू १२३ घ्या, १९७६ ते १९८६ या काळात जवळजवळ २७ लाख बनल्या, व्होल्वो २४० तर १९७४ ते १९९३ एवढी वर्षं चालली आणि २८ लाखांवर बनल्या. एवढ्या असताना कोणाला वाटणार होतं की ही कधी दुर्मिळ होईल. प्रत्येकाला वाटलं, असू दे, पुन्हा घेऊ कधी तरी.

पुन्हा घ्यायचं नशीब सगळ्यांचं नसतं. स्टीव्ह मॅक्वीन या हॉलिवूडच्या नटाचं होतं. त्याच्याकडे जॅग्वारची एक्सकेएसएस होती, रेसच्या डी-टाइपवरून बनवलेली रस्त्यावरची गाडी, ती त्याने विकली, गाडी एका मोठ्या संग्रहात गेली, आणि मग याला चैन पडेना. शेवटी १९७० च्या दशकात त्याने मागे लागून ती परत मिळवली आणि १९८० साली मरेपर्यंत सोडली नाही. त्याला ती मिळाली कारण ती एका संग्रहालयात पुसूनपासून ठेवलेली होती. तुमच्या-आमच्या, म्हणजे आमच्या, गाड्यांचं तसं नसतं. शोधायला गेलं की कळतं तिचं केव्हाच दाबून लोखंडाचं ठोकळं झालं.

पण याच एक्सकेएसएसची पुढची गोष्ट मला तुम्हाला सुनवायची आहे, कारण ती तुमच्यापैकीच एकाची आहे. १२ फेब्रुवारी १९५७ ला जॅग्वारच्या कारखान्याला आग लागली आणि बनत असलेल्या नऊ एक्सकेएसएस जळून गेल्या, तोवर फक्त १६ तयार झाल्या होत्या. जवळजवळ साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, कंपनीने जाहीर केलं की त्या जळालेल्या नऊ गाड्या आम्ही पुन्हा बनवणार. आणि बनवल्या! हाताने पत्रे ठोकून, जुन्या गाड्या मोजून, जुनी कागदं काढून, इंजिनाचे ब्लॉक नव्याने ओतून. एकेकीची किंमत दहा लाख पौंडांच्या वर. ॲस्टन मार्टिननेही तेच केलं, १९५९ च्या डीबी४ जीटीच्या २५ नव्या गाड्या २०१७ पासून बनवून विकल्या.

म्हणजे येतं की तुम्हाला! साठ वर्षांपूर्वीची अख्खी गाडी शून्यातून उभी करता येते, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या हॅचबॅकच्या दाराचं रबर बनवता येत नाही? हे मला कोणी तरी समजावून सांगा. 'साचे राहिले नाहीत', 'पुरवठादाराने काम बंद केलं', 'एवढ्या कमी नगांना परवडत नाही', ही उत्तरं मी ऐकलीयत, आणि त्यातलं परवडत नाही हे खरंही असेल, तुम्ही धंदा करता, धर्मशाळा चालवत नाही. पण मग तुम्हाला परवडत नसेल तर जो बनवायला तयार आहे त्याला तरी बनवू द्या ना. ड्रॉइंग द्या, मापं द्या, कुठलं मटेरियल ते सांगा. तुमच्या कपाटात पडून त्याचा तुम्हाला काय उपयोग?

हे होऊ शकतं याचं उदाहरण जुनंच आहे. एमजीबी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९८० मध्ये बंद झाली. पण तिचे पत्रे दाबायचे मूळ साचे भंगारात जाण्याआधी वाचवले गेले, आणि १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज त्याच साच्यांवर एमजीबीची कोरी बॉडी बनवतंय. कोरी! म्हणजे तुमची एमजीबी गंजून चाळण झाली असेल तर नवी बॉडी आणायची, जुन्यातलं इंजिन, चाकं, सीट तिच्यावर चढवायची आणि निघायचं. त्यामुळे एमजीबीवाला माणूस 'पार्ट मिळेना' म्हणून सहसा रडत नाही. त्याची रडगाणी वेगळी असतात, वायरिंगची, पण तो विषय सोडा.

माझदाचंही कौतुक करायला पाहिजे. पहिली मियाटा १९८९ मध्ये आली, वजन जेमतेम ९५० किलोच्या आसपास, पुढे इंजिन, ओढ मागच्या चाकांना, वर कापडी छप्पर, झालं. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये जाहीर केलं की या पहिल्या पिढीच्या गाड्या आम्ही स्वतः दुरुस्त करून देऊ, आणि त्याआधी त्यांनी मालकांनाच विचारलं की तुम्हाला नेमकं काय मिळत नाहीये. मग कापडी छप्पर, लाकडी स्टिअरिंग, गिअरची मूठ हे तर आणलंच, पण मूळ गाडीबरोबर यायचे तसे टायरसुद्धा टायर कंपनीकडून पुन्हा बनवून घेतले. टायर! निसानने त्याच वर्षी आर-३२ स्कायलाइन जीटी-आरचे पार्ट पुन्हा काढले, टोयोटाने नंतर जुन्या सुप्राचे काढले, पोर्शे तर काही दुर्मिळ भाग चक्क थ्रीडी प्रिंट करून देते, त्यात ९५९ या जुन्या मॉडेलच्या क्लचचा एक लिव्हर आहे जो पूर्वी ओतीव लोखंडाचा होता.

पण जरा बारकाईने बघा ही यादी कोणाची आहे. जीटी-आर, सुप्रा, पोर्शे. म्हणजे ज्या गाड्यांना तशीही किंमत आलीय, ज्यांचे मालक तशीही सांभाळतायत, त्यांनाच तुम्ही मदत करता. चार दारांची फॅमिली गाडी, जिच्यातून पोरं शाळेत गेली, जिच्या मागच्या सीटवर कुत्रं ओकलं, जी एकदाही पोस्टरवर आली नाही, तिचं काय? हळहळणाऱ्या माणसांत सगळ्यात जास्त गर्दी तिच्याच मालकांची असते. मियाटाचा अपवाद सोडला तर स्वस्तातल्या गाडीकडे असं कोणी वळून बघितल्याचं मला तरी फारसं दिसत नाही.

आता तुमच्या बाजूनेही थोडं बोलतो, नाहीतर म्हणाल हा जुन्याचा भक्त आहे. जुनं सगळं सोनं नव्हतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू एकमेकींवर आदळली. जुन्या गाडीत जाड पत्रा असतो, जुनी मजबूत असते, असं म्हणणाऱ्यांनी ते जरूर बघावं, बेल एअरचा ड्रायव्हरचा भाग पार चेपला आणि मालिबूतल्या डमीच्या, म्हणजे माणसाऐवजी बसवलेल्या पुतळ्याच्या, जागी माणूस असता तर त्याच्या फक्त पायाला मार लागला असता. १९९७ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरोपातल्या संस्थेच्या सुरुवातीच्या चाचण्यांत रोव्हर १०० ला एकच तारा मिळाला आणि थोड्याच दिवसांत ती गाडी बंद झाली, ते योग्यच झालं. जुन्या गाड्या गंजायच्या, थंडीत सुरू व्हायच्या नाहीत, धूर ओकायच्या. लोक विकून मोकळे झाले की वाईट आठवणी आधी विसरतात आणि चांगल्या तेवढ्या तुपात घोळवून ठेवतात हेही मला कळतं. त्यामुळे १९८५ ची गाडी १९८५ सारखीच पुन्हा बनवून विका अशी मागणी कोणी शहाणा करणार नाही.

पण काही गोष्टी सुरक्षिततेसाठी गेल्या आणि काही गोष्टी तुम्ही उगाच घालवल्या, या दोन्हीत फरक आहे. समोरच्या काचेशेजारचे खांब जाड झाले, बाहेरचं कमी दिसायला लागलं, त्याला कारण आहे, गाडी उलटली तर छप्पर टिकायला हवं. हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं, हातात रस्ता कळायचा तो कळेनासा झाला, त्यालाही कारण आहे, इंधन वाचतं आणि गाडी आपोआप लेनमध्ये ठेवायची यंत्रणा त्यावर चालते. चला, मान्य. पण बटणं का घालवलीत? पंख्याचा वेग वाढवायला मेन्यूत शिरायचं, तेही ताशी १०० च्या वेगात? स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये याची चाचणी घेतली, अकरा नव्या टचस्क्रीनवाल्या गाड्या आणि त्यांच्या जोडीला २००५ सालची एक जुनी बटणांची व्होल्वो व्ही-७०. ताशी ११० किलोमीटरने जाताना रेडिओ, हीटर वगैरे चार साधी कामं करायची. सतरा वर्षांच्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. सगळ्यात वाईट नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, तेवढ्यात ती गाडी १३७२ मीटर पुढे गेली होती. आता युरो एनकॅपलाच २०२६ पासून नियम करावा लागलाय की पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर असल्या गोष्टींना खरीखुरी बटणं द्या. म्हणजे व्ही-७० विकून पश्चात्ताप करणारा माणूस नुसता भावुक नव्हता, त्याच्याकडे मुद्दा होता.

आणि आमची ही हळहळ तुम्हाला माहीत नाही असंही नाही, तिच्यावर तर तुम्ही दुकान थाटलंय. मूळ मिनी ३.०५ मीटर लांब होती, एवढ्यात चार माणसं बसायची, १९५९ ते २००० पर्यंत बनली. ती गेली आणि लगेच २००१ मध्ये तेच नाव, तसाच चेहरा, पण अर्धा मीटरहून जास्त लांब आणि कितीतरी वजनदार अशी नवी आली. बीटलचं तेच, फियाट ५०० चं तेच, फोर्डने १९९६ मध्ये बंद केलेली ब्रॉन्को २०२१ मध्ये परत आणली, रेनॉने २०२४ मध्ये आपली जुनी 'रेनॉ ५' इलेक्ट्रिक करून आणली. गाड्या वाईट आहेत असं नाही म्हणत, काही तर मस्त आहेत. पण 'तुमची जुनी आठवण परत आलीय' अशी जाहिरात करताना ज्याच्याकडे अजून खरी जुनी आहे त्याला तिचा वायपरचा दांडा देता येत नसेल तर ती आठवण नक्की कोणाची हो?

यापेक्षाही एक गोष्ट जास्त झोंबते, ती भंगार योजनांची. २००९ च्या मंदीत सरकारांनी तुमचा धंदा वाचवायला जुन्या गाड्या मोडायला पैसे दिले. जर्मनीत नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडली की नव्या गाडीसाठी २५०० युरो, आणि अशा जवळजवळ २० लाख गाड्यांसाठी ५ अब्ज युरो. अमेरिकेत त्याच उन्हाळ्यात पावणेसात लाखांहून जास्त गाड्या गेल्या, आणि तिथे तर नियमच होता की इंजिन मारायचं. तेल काढायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं, आत काचेसारखा थर धरून ते काही मिनिटांत कायमचं जाम होतं. चालत आलेली गाडी, लोकांनी उभं राहून ऐकलेला तो आवाज. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून काढायला माझा विरोध नाही, खरंच नाही. पण अमेरिकेतल्या योजनेत मुख्यतः गाडी किती पेट्रोल पिते तेच बघितलं जायचं, ती किती वर्षं नीट सांभाळलीय, अजून किती चालेल, दुसऱ्या कोणाला तिचे भाग उपयोगी पडतील का, याचा कुठे रकानाच नव्हता. आणि नवी गाडी बनवायलाही लोखंड, ॲल्युमिनियम, वीज लागतेच, ते तुम्ही हिशेबात कधी मोठ्या अक्षरात लिहीत नाही. आवळा देऊन कोहळा काढलात. त्या वेळी ज्यांनी नवी गाडी घेतली त्यातले कितीतरी आज तीच जुनी शोधतायत, आणि ती तर कोणाकडेच नाही.

बरं, ज्यांनी विकलीच नाही, ज्यांना विकायचीच नव्हती, त्यांचं काय केलंत? जनरल मोटर्सची ईव्ही-१. १९९६ मध्ये आलेली इलेक्ट्रिक गाडी, १११७ बनवल्या, एकही विकली नाही, सगळ्या भाड्याने. चालवणाऱ्यांना इतकी आवडली की करार संपल्यावर ते परत द्यायला तयार नव्हते. कंपनीने गोळा केल्या, बहुतेक चिरडल्या, थोड्या संग्रहालयांना आणि कॉलेजांना दिल्या, त्याही बहुतेक चालू नयेत अशा करून. २००५ मध्ये उरलेल्या ७८ गाड्यांसाठी लोकांनी आवाराबाहेर पहारा दिला, १९ लाख डॉलर द्यायला तयार होते, पार्ट नका देऊ, जबाबदारी नका घेऊ, फक्त गाडी द्या म्हणत होते. नाही दिली. पार्ट आणि सर्व्हिस पुरवता येणार नाही हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. बघा, पुन्हा पार्टच.

म्हणून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण आजच्या गाड्यांची हळहळ याहून वाईट होणार आहे. पूर्वी गाडी मेली की निदान धातू मरायचा, धातू वाकवता येतो, जोडता येतो. सात इंची गोल हेडलाइट आठवतो का? मिनी, लँड रोव्हर, एमजीबी, जीप, सगळ्यांना तोच. कुठल्याही दुकानात मिळायचा, आजही मिळतो. रेडिओची खाच १८० बाय ५० मिलिमीटर, ठरलेली, एका कंपनीचा काढा दुसऱ्या कंपनीचा लावा. आज बऱ्याच गाड्यांत हेडलाइट म्हणजे त्या एकाच मॉडेलचा पूर्ण सीलबंद डबा, आतला एक दिवा गेला की पूर्ण डबा बदला, आणि वर तो गाडीच्या कॉम्प्युटरला 'ओळखीचा' करून द्यायला तुमचंच मशीन लागतं. जुन्या गाडीतून काढलेला बऱ्याचदा तसाच चालत नाही. म्हणजे मोडलेल्या गाडीतून पार्ट काढून दुसरी जगवायची ही जी एक वाट होती, तीही तुम्ही कुलूप लावून बंद करताय.

आणि सर्व्हर. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा कितीतरी गाड्यांची अपघातात आपोआप मदत बोलवायची सोय एका दिवसात गेली. गाडीला काही झालेलं नव्हतं, गाडी उभी होती तिथेच होती. साब २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, पण पार्टची कंपनी वेगळी होती म्हणून ती तगली, स्वीडिश सरकारकडे गेली, ओरियो नावाने चालू राहिली, आणि म्हणून साबवाले आजही आपापल्या साब चालवतायत. याउलट फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी २०२४ च्या जूनमध्ये बुडाली तर नव्याकोऱ्या ओशन गाड्यांच्या मालकांना पहिला प्रश्न पडला की सॉफ्टवेअर आता कोण बघणार, सर्व्हर चालू राहणार का. गाडीला जेमतेम वर्ष झालेलं! त्यांना आपली संघटना काढून स्वतःच धडपड करावी लागली. साबचं नशीब चांगलं म्हणून निभावलं, पण नशिबावर किती दिवस ढकलायचं.

तर आमचं मागणं असं आहे. पार्ट बंद करायचा तर करा, पण वर्षभर आधी जाहीर करा, म्हणजे ज्याला हवा तो घेऊन ठेवेल, आजच्यासारखं काउंटरवर गेल्यावर कळायला नको. बंद केल्यावर त्याचं ड्रॉइंग आणि मापं मोकळी करा, ज्याला बनवायचंय त्याने बनवावं, हवं तर थोडी फी घ्या. ब्रेक, एअरबॅग असल्या जिवाशी खेळणाऱ्या भागांचं समजू शकतो, त्यांना चाचणीची अट घाला, आम्ही कुरकुर करणार नाही, पण हीटरच्या चक्राला आणि दाराच्या रबराला कसली गुपितं? मॉडेल बंद होऊन ठराविक वर्षं झाली की दुरुस्तीची पुस्तकं, वायरिंगचे नकाशे, सेन्सर ओळखीचा करून द्यायचं सॉफ्टवेअर, हे सगळं साध्या मेकॅनिकच्याही हाती येऊ द्या. हे काही मी आज नवीन काढलेलं नाही, मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मागून घेतला, २०२० मध्ये गाडीतून वायरलेस जाणाऱ्या माहितीसाठी पुन्हा मतदान झालं आणि चारातल्या तिघांनी होय म्हटलं. त्यावर तुम्ही कोर्टात गेलात ते आम्ही बघितलंय.

आणि ज्या गाडीला सर्व्हर लागतो ती विकताना सांगा की सर्व्हर किमान अमुक वर्षं चालेल, आणि तुम्ही बुडालात तर गाडी सर्व्हरशिवाय साधी गाडी म्हणून चालेल अशी सोय आधीच करून ठेवा. बॅटरीच्या डब्यातला एक सेल गेला तर एक सेल बदलता येईल असा डबा बनवा, कारण वीस वर्षांनी लोक ज्या गाड्यांसाठी हळहळणार आहेत त्यातल्या बऱ्याच आज तुमच्या शोरूममध्ये उभ्या आहेत आणि त्यांचा जीव त्या डब्यात आहे.

यातून तुमचं नुकसान होईल असं वाटत असेल तर इर्व्ह गॉर्डनचं बघा. अमेरिकेतला शाळामास्तर, १९६६ साली व्होल्वो पी१८०० घेतली, विकलीच नाही, २०१३ मध्ये तिने ३० लाख मैल पूर्ण केले. व्होल्वोने त्या माणसाला डोक्यावर घेतलं, जगभर त्याची गोष्ट सांगितली. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली, तर २००४ मध्ये कंपनीने ती गाडी स्वतःच्या संग्रहालयात नेऊन ठेवली. एक माणूस एक गाडी पन्नास वर्षं ठेवतो तेव्हा फुकटची जाहिरात तुमचीच होते, आणि ती तुमच्या कुठल्याच एजन्सीला जमत नाही. त्याला लागणारे पार्ट तेवढे मिळत राहिले पाहिजेत.

उत्तराची वाट बघतो. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं छापील उत्तर पाठवणार असाल तर नका पाठवू, ते माझ्याकडे आधीच बरेच आहेत.

आपला,
एक जुना गिऱ्हाईक

ता.क. पार्ट खात्याच्या साहेबांसाठी वेगळं: बंद करायच्या यादीवर पुढची सही करण्याआधी त्या पार्टची शेवटच्या वर्षातली मागणी बघता, तशी 'मागितला पण मिळाला नाही' अशी नोंदही बघता का? तुमच्या काउंटरवर आम्ही हात हलवत परत जातो तेव्हा ती कोणीच लिहून घेत नाही. ती लिहायला सुरुवात केलीत तरी पुष्कळ, त्याला ना साचा लागतो ना कारखाना.